मानसिंगने नाही म्हटलं होतं

प्रिय सुधीर,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. वैजूला दाखवायचं की नाही ते तू ठरव, बायको तुझी आहे.

परवा मी तुर्भ्याला गंगारामच्या घरी जाऊन आले. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. मार्केटात आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेला माणूस, आता पायात सळई घालून खाटेवर पडून असतो. बापलेक रस्त्याच्या कडेने बोलत चालले होते. गाडीने त्याला बाजूला उडवलं आणि सुनयनाला फरपटत नेलं. ऐरोलीच्या कंपनीत लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तिचं ओळखपत्र अजून दाराजवळच्या खिळ्याला लटकतंय, कोणी काढत नाही. मी हॉटेलवाल्याची बहीण आहे, हे मी दारातच सांगितलं होतं. तरी तिच्या आईने, बाळाबाईने, मला चहा दिला. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "गाडी त्या पोरानं चालवली ते कळलं. पर येवढ्याशा पोराला येवढी पाजली कुनी?" सुधीर, मी तो कप तसाच खाली ठेवला.

माझ्या निवृत्तीचं जेवण तू किती हौसेने ठेवलं होतंस. रविवारची दुपार, 'सागरवेल'मधलं खिडकीजवळचं टेबल, माझ्या ऑफिसातल्या बायकांना तू स्वतः वाढत होतास. पलीकडे केयूर मित्रांबरोबर येऊन बसला. मानसिंगने त्याचं कार्ड मागून बघितलं आणि म्हणाला, "सॉरी साहेब, एकोणीस पूर्ण आहेत. एकवीसच्या आत बिअरपण देता येत नाही." केयूरने तुला काका म्हणून हाक मारली. तू उठून गेलास. "अरे, अरविंदशेठचा मुलगा आहे, आपल्या घरचा आहे. दे त्याला काय पाहिजे ते." मानसिंग तरी हलला नाही. तेव्हा तू सगळ्यांसमोर विचारलंस, "इथला मॅनेजर तू, पण मालक कोण?" मग टेबलावर व्हिस्की आली. मी तुला म्हटलं, पोरं लहान आहेत, गाडी घेऊन आलीत. तू माझ्या ताटात पापलेटचा तुकडा वाढलास आणि म्हणालास, "ताई, आज तू फक्त जेव." निघताना केयूर पायरीवर अडखळला. त्याच्या पाठीवर थाप मारून तू म्हणालास, "सावकाश जा रे." त्यानंतर आमचं आइस्क्रीम यायच्या आतच पामबीच रोडवर सगळं संपलं होतं.

मला तू तसा आठवत नाहीस. परवाना मिळाला तेव्हा वयाच्या नियमाची पाटी तू स्वतःच्या हाताने भिंतीवर ठोकली होतीस. दारूच्या धंद्याला आपल्या अण्णांचा विरोध होता, तर तू त्यांना ती पाटी दाखवायला घेऊन गेला होतास. अण्णा त्या दिवशी तिथेच जेवून गेले. त्या सुधीरला मी ओळखते. पोलीस आल्यावर, "मी त्या दिवशी अलिबागला होतो, मॅनेजरने परस्पर दारू दिली," असं सांगणाऱ्या माणसाला ओळखायला मला वेळ लागतो आहे.

मानसिंग अजून तुरुंगात आहे. हॉटेल उघडल्यापासूनचा तुझा माणूस. साताऱ्याहून त्याची बायको आली होती, मला म्हणाली, "ते म्हनतात मालक सोडवतील." त्याचा अजूनही तुझ्यावर विश्वास आहे. आणि तू माझ्याकडे येऊन सांगितलंस, "ताई, कोणी विचारलं तर जेवण शनिवारी झालं म्हण. त्या जेवणाचे फोटो काढून टाक. हॉटेलचं सील निघालं की मानसिंगचं मी बघतो, त्याच्या घरच्यांना कमी पडू देणार नाही." वकिलांनी शिकवलेलं असेल. पण बोलताना तू माझ्याकडे बघत नव्हतास.

फोटो मी काढून टाकले नाहीत. आज सकाळी ते घेऊन पोलीस स्टेशनला गेले आणि जबाब देऊन आले. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच सांगितलं. एक शब्द वाढवला नाही आणि तुझ्यासाठी एक शब्द गाळला नाही. साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं, "मालक तुमचे कोण?" मी म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, घरी जाऊन विचार करा, उद्या या." मी म्हटलं, तुम्ही लिहा. मग सगळं वाचून मी खाली सही केली. तुला न्यायला ते येतील. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. वैजूजवळ मी राहायला येईन. तिने दार उघडलं नाही, तर बाहेर बसेन.

अजूनही तुझीच,
अरुणाताई