विषयाला धरून

१२ मार्च
वोरूच्या प्रौढशाळेतून एस्टोनियन निबंध परत मिळाला. विषय होता 'रस्ते'. ऐवेबाईंचा लाल शेरा : विषयांतर! बाई माझ्या निम्म्या वयाच्या. बारावीचा दाखला मिळाला की गावच्या वाचनालयातली नोकरी माझी, हे त्यांना खुपतं. काल्योचा उल्लेख फक्त ओघात आला. नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, तर रस्त्यांवर लिहिताना त्याला वगळायचं कसं?

२० मार्च
ठरलं. यापुढे काल्योबद्दल अवाक्षर नाही. तशी मी केव्हाच सावरले आहे.

२६ मार्च
विषय 'हिवाळा'. दीड पान नुसतं बर्फ. बर्फ उपसायला कुणीतरी हवं, म्हणून एक काल्पनिक माणूस घातला. बाई म्हणतात, हेल्युताई, हा काल्पनिक माणूस तुमच्याच कुत्र्याला हाका मारतोय की! चोंबडी.

१४ एप्रिल
नणंद लेहते कॉफीला आली. वहिनी, निबंधात तरी दादाला विश्रांती दे, मेल्यावरही राबवतेस त्याला, म्हणे. हिला भावाची कधी किंमत नव्हती. केकही कोरडा आणला होता.

३ मे
सरकारी परीक्षा. सहा तास. शेजारची पोरगी सारखी चॉकलेट चघळत होती. मी काळा पाव आणि मासा नेला, डोकं शांत राहतं. विषय 'माणूस आणि यंत्र'. ट्रॅक्टरवर लिहिलं. फक्त ट्रॅक्टरवर. आता तो चालवतं कोण, एवढं तर सांगावंच लागतं. शंभरात नव्वदच्या खाली गुण येत नाहीत.

१८ जून
एकवीस! विसाला पास. बाईंनी मिठी मारली, ढोंगी कुठली. सुटलात, आता गुपचूप दाखला घ्या, म्हणाल्या. का म्हणून? तिथल्या तिथे फेरतपासणीचा अर्ज लिहिला. बाई दारापर्यंत धावत आल्या. अहो ताई, गुण कमीसुद्धा होतात, ऐका माझं! घाबरल्या. त्यांच्या शिकवण्याचं पितळ उघडं पडणार ना.

९ जुलै
उत्तर आलं. सतरा. नापास.
वाचनालयाला दुसरी बाई मिळाली, असं लेहतेने फोनवर सांगितलं. टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं.
उत्तरासोबतचा तपासनिसांचा शेरा पुन्हा वाचला : 'लेखिका यंत्राबद्दल न लिहिता दिवंगत पतीबद्दल लिहिते.'
तो गेलाय, असं मी एका ओळीतही लिहिलं नव्हतं.