रुक्मिणीबाईंची सकाळची बस

मंगळ., ३ फेब्रु. १९५९, मद्रास
रुक्मिणीबाई आज पुन्हा कचेरीत उशिरा. चिंगलपेटकडच्या खेड्यातून स्टेशनपर्यंत पायी, मग आगगाडीने इथले एग्मोर स्टेशन. पदर खोचून बसल्या की लगेच आकडेमोड सुरू, दमल्याचे नाव नाही. साहेबांनी सर्वांदेखत सुनावले: मार्चपासून वेळेवर या, नाहीतर राजीनामा. बाईंचे वडील अंथरुणाला खिळलेले, गाव सोडायला तयार नाहीत. घर चालते बाईंच्या पगारावर. असा संताप आला की... जाऊ दे.

बुध., ४
आमचे काम काय, तर जिल्ह्यातल्या लोकांना घरून कामावर पोचायला सरासरी किती वेळ लागतो ते काढणे! सरासरी मोठी, त्या भागाला सकाळची बस. रु.बाईंच्या गावचे कागद नेमके त्यांच्याच टेबलावर. बस मिळाली तर नोकरी वाचली.

शुक्र., ६
रु.बाईंच्या गावची सरासरी अगदीच खाली आली. गावच्या बायकांनी शेतावर पोचायला वेळ ‘काही नाही’ सांगितलेला. शेते तळ्यापलीकडे! मी हळूच म्हटले, ‘तेवढे गाळा. कोण बघतंय?’
‘अय्यो, तें कसें करूं? त्यांणीं सांगितलेलें मी पुसूं काय?’
त्यांच्या तंजावरी मराठीला एरवी मी हसतो. आज हसू आले नाही. साहेबांकडे जाऊन फेरचौकशीची परवानगी मात्र घेऊन आल्या. बाई खमकी.

रवि., ८
रु.बाईंबरोबर त्यांच्या गावी. तळ्याच्या बांधावर माझा जीव मेटाकुटीला, त्या आपल्या झपझप पुढे. बायका कापणीला निघालेल्या. वाटेत कुणी शेण उचलते, कुणी सरपण. घराबाहेर पाऊल पडले की यांचे काम सुरू, मग कामावर पोचायला वेळ कसला? पंख्याखाली बसून प्रश्न काढणारे आम्ही शहाणे! रु.बाईंनी प्रश्न बदलला: घरून कधी निघालात, विळा कधी हातात घेतला? सरासरी भराभर चढली. मी खूश.
तेवढ्यात बाईंनी आपणहून विचारले, बस हवी का? बायका तमिळमधून काय म्हणाल्या ते मला सांगितले: ‘बसमधें बसलों तर सरपण कोण आणील म्हणतात. पण तुजसाठीं हवी म्हणून लिही, म्हणतात.’
मी म्हटले, लिहा की मग! त्या हसून पुढच्या बाईकडे वळल्या.

सोम., ९
अहवाल साहेबांपुढे. नवी सरासरी, झकास. खाली रु.बाईंची ओळ: शेतावर जाणाऱ्या बायकांना बस नको. गावात बस हवी असलेली व्यक्ती, एक.
मी कपाळाला हात लावला. असा राग आला, आणि असे वाटले की उठून पाया पडावे.
साहेबांनी विचारले, ही एक व्यक्ती कोण?
‘मीच,’ म्हणाल्या.
साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. अहवाल वर पाठवला नाही, खणातही टाकला नाही. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तो त्यांच्यासमोरच होता.