आजेसासऱ्यांची मिशी

१० ऑगस्ट, शनिवार. देवास
श्रावणी शनिवार. स. देवघर उतरवलं. बरेच दिवस रामपंचायतनाच्या तसबिरीखाली पिवळी भुकटी पडत होती. आज उलटी करून पाहिली तर मागची फळी किडीने पार पोखरलेली. तसबीर धारची, आजेसासूबाईंची. त्यांचा दंडक होता, काच पुसा, मागे हात लावायचा नाही. सासूबाईंनी मला तेच सांगितलं, मी तेच पाळलं. सोवळ्याचं काही असेल म्हणून कधी विचारलंही नाही. आज रामाची क्षमा मागून पकडीने खिळे काढले.

फळी आणि राम यांच्या मध्ये फोटो! जुने, जाड पुठ्ठ्याचे, तीन. एकात तंबू, ट्रक आणि वाळूच वाळू. एकात मिलिटरीच्या कपड्यातले लोक, काही उभे, काही बसलेले, सगळ्यांच्या पायात हे एवढाले बूट. तिसऱ्यात काही शिपाई आणि मधोमध एक नऊवारी नेसलेली बाई. पलटणीत बाई कुठून आली?

आजेसासरे मोठ्या लढाईत गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच मी ह्या घरात आल्यावर ऐकलं. त्यांचा फोटो एकही नाही म्हणत. आणि मी लग्न होऊन आल्यापासून रोज त्यांना गंध लावतेय की काय!

वरणाला फोडणी द्यायची राहिली. हे बिनफोडणीचंच जेवले. तेही फोटोच बघत होते.

११ ऑगस्ट, रविवार
रात्रभर एकच, देवघरात चामड्याचे बूट. इतकी वर्षं. ह्यांना म्हटलं, गोमूत्र शिंपडू का? म्हणाले, "अगं, रामाचं सगळं सैन्य अनवाणी गेलं लंकेला. त्याला बरंच वाटलं असेल, कुणीतरी बूट घालून आलं म्हणून." तरी गंगाजल शिंपडलंच. फोटोंवर नाही, पाटावर.

दु. मृणाल आली इंदूरहून. आमची लेक कॉलेजात शिकवते, पण मराठी पाटी वाचायला लागली की मला घाम फुटतो. तिने मोबाइलवर फोटो मोठे केले. त्या बाईच्या तोंडावर अर्धा पदर, लाजून मान वळवलेली, कपाळाला मोठं कुंकू. मृणालने हाताजवळ नेलं आणि ओरडली, "आई, ये तो आदमी है! मनगट बघ, किती केस!"

ह्यांनी चष्मा लावला. मी लावला. खरंच. मागे चादरींचा पडदा बांधलेला, बाजूला एकाच्या हातात पेटी. नाटक! वाळवंटात नाटक लावलं होतं आजेसासऱ्यांच्या पलटणीने. इतकं हसलो की शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, काय झालं.

पण आजेसासरे कुठले? फोटोंच्या मागे फक्त दुकानाचा शिक्का, उर्दूसारख्या अक्षरांत. नाव कुणाचंच नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
उपास. स. टेकडीवर माताजीचं दर्शन घेऊन आले, मगच धारला फोन केला. मालूआत्या म्हणजे ह्यांच्या आत्या, आजेसासऱ्यांची धाकटी लेक. ते लढाईला गेले तेव्हा ही पोटात. बापाने हिला पाहिलं नाही, हिने बापाला. आता ऐंशी पार, धारला सुधाकरभावजींकडे असतात.

सांगितलं. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं, फोन कट झाला.
"आत्या?"
"आहे, आहे. वसू, कसे दिसतात गं?"
"तेच तर कळत नाही. बरेच जण आहेत. मृणालला सांगते मोबाइलवर पाठवायला, भावजी दाखवतील."
"अजिबात नको. जन्मात पहिल्यांदा बाप बघायचा, तो काय बोटाएवढा? तू घेऊन ये."

फोन ठेवल्यावर भीती वाटली. म्हातारीला आशा लावून बसले. उद्या म्हणतील, दाखव माझा बाप, तर मी बोट कुणावर ठेवू?

१८ ऑगस्ट, रविवार. धार
शुक्रवारची जिवतीची पूजा झाल्याशिवाय निघता येत नव्हतं, म्हणून आज. राखीची गर्दी, इंदूरला बस बदलताना फोटोंची पिशवी छातीशी धरून उभी. कंडक्टर म्हणे, "काकीजी, ऐसा क्या माल है?" म्हटलं, "ससुरजी के पिताजी हैं." त्याने एका पोराला उठवून जागा दिली.

घरी पोचल्याबरोबर मालूआत्या चहा घेऊ देईनात. आंघोळ करून, ठेवणीतलं पातळ नेसून पाटावर बसलेल्या. चष्मा पदराने पुसला, पुन्हा पुसला. आधी पलटणीचा फोटो दिला. एकेका तोंडावर बोट ठेवत गेल्या. शेवटापर्यंत गेल्या, परत पहिल्यापासून.
"कळत नाही गं," म्हणाल्या. हळूच. चेहरा उतरला.

नाटकाचा द्यायची लाज वाटत होती. दिला. त्यांनी तोंड पाहिलंच नाही. लुगड्यावर नजर गेली आणि एकदम,
"अगं बाई! आईचं रुईफुली काठाचं लुगडं!"

मग जे हसू फुटलं! डोळ्यांतून पाणी, अंग गदगदतंय, माझी जाऊ शोभा धावत पाणी घेऊन आली. मालूआत्यांची आई, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, जन्मभर ह्या लुगड्याच्या नावाने बोटं मोडायच्या. आत्यांनी ते कधी पाहिलं नाही, पण ऐकून ऐकून काठासकट पाठ. महेश्वरचं, अंजिरी रंगाचं, एकच चांगलं होतं, ते नवरा जाताना वळकटीत घालून घेऊन गेला. का, तर परमुलखात झोप लागायची नाही, लुगडं जवळ असलं की बरं. "हे सांगताना आई भिंतीकडे तोंड करायची," मालूआत्या म्हणाल्या. "आणि ह्याने ते नेसून नाटक केलं! मेल्याने!"

बापाला मेल्या म्हणाल्या आणि स्वतःच गालावर चापट मारून घेतली. पुन्हा हसायला सुरुवात.

सुधाकरभावजी म्हणाले, "आत्या, लुगडं कुणालाही उसनं दिलं असेल त्यांनी. नेसणारा तेच कशावरून?"
मालूआत्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "थांब. मिशी."

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा
काल थकले होते, मिशीचं आज लिहिते.

जुन्या घरांतली रीत, वडील हयात आहेत तोवर मुलाने मिशी काढायची नाही. ती वडील गेल्यावरच उतरते. मालूआत्यांचे आजोबा संस्थानात दफ्तरदार, कडक माणूस. मालूआत्या लहान असताना त्यांनी कितीदा ऐकलेलं, आजोबा आपल्याशीच पुटपुटायचे, "मी जिवंत असताना मिशी उतरवली." कुणी, कधी, का, विचारायची सोय नव्हती. घरात मिशीवरून काहीतरी मोठं भांडण झालंय, एवढंच पोरांना माहीत.

आता उलगडलं. टपालाने फोटो आले असणार. म्हाताऱ्याने मुलाला पाहिलं, लुगड्यात, कुंकवात, आणि मिशी सफाचट. म्हणजे बाप मेल्यातच जमा! म्हणाले असतील, टाका चुलीत. सुनेने चुलीत टाकले नाहीत, रामाच्या पाठीशी ठेवले. आणि रोज तिथेच निरांजन ओवाळलं, नवरा सुखरूप यावा म्हणून. सासरे समोर बसून घंटा वाजवत असतील, त्यांना काय पत्ता!

मग तार आली. पुढे कधीतरी आजोबा असंही म्हणायचे म्हणे, "अपशकुन माझ्या नावाचा होता, लागला त्याला." एवढं सांगून मालूआत्यांनी फोटो उचलला, "पण बघ ना, केवढा खूश दिसतोय! असा लाजतोय की आईही कधी लाजली नसेल."

म्हणजे नायिका तेच. एवढं पक्कं झालं. पण नेमका तोंडावर पदर. अर्धा गाल, अर्धा ओठ, एक डोळा, बस.

सं. भावजींना सुचलं, मिशी काढली तर पलटणीच्या फोटोतही बिनमिशीचा शोधू. सगळे खाली डोकं घालून बसलो. निघाले! पण दोन. एक मागे डावीकडे उभा, एक पुढे बसलेला. बाकी सगळे मिशाळ. भावजींना मागचा वाटतो, शोभाला पुढचा, दोघांचं ह्यावरून वाजलं. मालूआत्या म्हणाल्या, "दुसऱ्याचे वडील खरंच वारले असतील बिचाऱ्याचे."

२० ऑगस्ट, मंगळवार
निघायच्या वेळी नवीन प्रकरण. सर्वपित्रीला पितरांच्या फोटोंना हार घालतात, त्यात ह्या वर्षी आपल्या बापाचा फोटो हवा, असं मालूआत्या म्हणाल्या. भावजी म्हणाले, हो ना, पलटणीचा लावू, रुबाबदार आहे.
"त्यातला कुठला तो मला माहीत नाही. मला माहीत असलेला लाव."
"आत्या, लुगड्यातला? गुरुजी येतात, चार लोक येतात. आजोबा शहीद आहेत यार आपले, आणि लोक हसून राहिले, असं करायचं?"
"हसू देत. हसवायलाच नेसला होता तो. त्या फोटोपायी त्याने बापाचे बोल खाल्ले, आईने जन्मभर लपवला. आता मीही लपवू?"

भावजी गच्चीवर निघून गेले. मला मध्ये बोलायचं नव्हतं, पण पायऱ्या चढून गेले. म्हटलं, "भावजी, तुमच्या आजीने ह्याच फोटोला रामाबरोबर बसवलं होतं. रामाला चाललं." खाली येऊन त्यांनी माझी बॅग स्टँडपर्यंत नेली.

२७ ऑगस्ट, मंगळवार. देवास
काल जन्माष्टमी, आज पारणं. सं. फोटोवाल्याकडे गेले. नाटकाच्या फोटोतून नायिका मोठी करायची आणि पलटणीचाही मोठा. तरुण मुलगा, नीट बोलतो. फोटो पाहून म्हणाला, "आंटीजी, फौज में नाटक-मंडली थी क्या? बढ़िया! साड़ी में रंग भर दूँ?"
रंगाचे पैसे वेगळे. आधी नको म्हटलं. दारापर्यंत गेले. परत आले आणि तिथूनच धारला फोन लावला.
मालूआत्या ओरडल्या, "अंजिरी! दुसरा कुठला भरलास तर याद राख!"
त्या पोराला अंजिरी कळेना. बाजूच्या फळवाल्याकडून एक सुकं अंजीर आणून दाखवलं. त्याने रंग जुळवला आणि अंजीर खाऊन टाकलं.

हे म्हणाले, "वसू, तू आपण होऊन जास्तीचे पैसे दिलेस?" म्हटलं, सासऱ्यांच्या वडिलांना साडी घेतली असं समजा.

२ ऑक्टोबर, बुधवार. धार. सर्वपित्री
गौरी-गणपतीच्या धावपळीत लिहिणं राहिलंच. आजचं राहायला नको.

पहाटेपासून शोभा आणि मी सोवळ्यात. वडे, खीर, आमसुलाची चटणी. फोटो कुठला लागणार, कुणी बोलेना. भावजींनी पाट मांडला, सासऱ्यांचा फोटो ठेवला, सासूबाईंचा ठेवला. मग आत गेले आणि अंजिरी लुगड्यातला घेऊन आले. आत्यांच्या बापाला बरोबर मध्ये बसवलं आणि पंच्याने काच पुसली. मालूआत्या खुर्चीत ताठ.

गुरुजी नवीन, पोरसवदा. सगळे फोटो पाहून विचारलं, "ह्या आजींचं नाव काय?"
मालूआत्या म्हणाल्या, "वामन."
गुरुजींनी भावजींकडे पाहिलं. भावजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसले. हसत हसतच सगळी गोष्ट सांगितली, लढाई, लुगडं, मिशी, राम. स्वतः सांगितली, आणि काय रंगवून सांगितली! जेवायला आलेले शेजारी हात धुवायचं विसरून उभे. गुरुजी म्हणाले, "मला आजवर हसणारा पितर कुणी दाखवला नव्हता."

जेवणं झाल्यावर मालूआत्यांनी हात धरून फोटोजवळ नेलं. "वसू, मी ह्याच्यापेक्षा किती मोठी झालेय बघ. नातू शोभेल माझा. काय म्हणून हाक मारू?" त्यांनीच मग "बाबा" म्हणून पाहिलं. दोनदा.

६ ऑक्टोबर, रविवार. देवास
नवरात्र, चौथी माळ. झेंडू महाग, शेवंतीवर भागवलं. रामपंचायतनाला नवी फळी बसली, राम जागेवर.

भल्या सकाळी मालूआत्यांचा फोन. पलटणीचा मोठा केलेला फोटो त्या पलंगाशेजारी ठेवतात, चहा त्याच्यासमोर घेतात.
"वसू, मागे उभा आहे ना, तोच गं. कान माझ्यासारखे आहेत."
"आत्या, परवा तर पुढे बसलेला म्हणालात. हनुवटीवरून."
"परवा ढग होते, उजेड नव्हता."
"मग आता नक्की?"
"छे. तो पुढचाही माझ्याकडेच बघतो." कपबशीचा आवाज आला. "असू दे. घाई काय आहे? उद्या परत बघते."