टेबलावरून उठताना

ताई,

तू सुचवलेल्या डॉक्टरीणबाईंकडे नेहमीच्या तपासणीला गेले होते. मी टेबलावर पाय वर घेऊन पडलेली असताना त्यांनी मला न विचारता चार शिकाऊ डॉक्टर आत बोलावले. दोघांनी आळीपाळीने आतून तपासलं.

"दुखतंय, थांबा," मी म्हणाले.

"दोन बाळंतपणं झालीत ना? मग एवढं काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग आत जोरात चिमटा बसला. तपासायला गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढलाय, हे मला नंतर कागदावर वाचून कळलं. तरी मी "थँक्यू" म्हणून बाहेर आले, ताई. तेच पचत नाहीये.

तुला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून लिहायला बसले. पण उद्या तू लेकीला तिथेच नेणार आहेस आणि पत्र उद्यापर्यंत पोचणार नाही. फोन लावतेय. उचल गं.

तुझी धाकटी