तळ्याचं तोंड फोडलं तेव्हा

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे पूर्वीसारखेच कुरकुरतात. आमचे हे दिवसभर पंपदुरुस्तीला बाहेर असतात. स्वयंपाकघरातलं फडताळ पाण्याने फुगलंय, त्याचं दार लागत नाही. चहा खारट लागतो. विहिरीत समुद्र उतरल्यावर दुसरं काय होणार! टँकर येतो, पण त्याच्या मर्जीने.

तुला बातमी कळली असेलच. तळ्यात समुद्राचं पाणी शिरलं आणि खालच्या आळीतली घरं बुडाली, एवढीच आली होती म्हणे. तळ्याचं तोंड कोणी फोडलं ते त्यात नव्हतं, हे एक बरं झालं.

बाबांनीच फोडलं. दरवर्षीसारखंच, तळ्याचं पाणी गावात चढू नये म्हणून. पाऊस सरता सरता तळं तुडुंब भरलं, होडीघरामागचा काळा दगड बुडाला आणि ओहोटी लागल्यावर बाबांनी वाळूच्या बांधावर पहिलं फावडं मारलं. मागोमाग सगळा गाव. लहानपणी आपण नाचायचो ना, चर पडला की तळ्याचं पाणी कसं धावत समुद्रात जायचं? यंदा थोडंसं गेलं आणि थांबलं. ओहोटी म्हणावी तशी उतरलीच नाही. मग भरतीला समुद्र त्याच चरातून आत आला. आम्ही वाळूची पोती टाकत होतो आणि तो ती पोती घेऊन तळ्यात येत होता. चराची नदी झाली रे.

खालच्या आळीतल्या काकूंचं शिलाई मशीन गेलं, गिऱ्हाइकांचे कपडे गेले. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून आम्ही सामान वर चढवलं नाही हो."

बाबा कसे आहेत ते वर लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आधी दुसरं सांगते. मागच्या आठवड्यात तुझ्या ऑफिसातला तो चष्मेवाला पाहणीला आला होता. मी त्याला ओसरीत बसवलं, टँकरच्या पाण्याचा चहा दिला. तुझी बहीण म्हटल्यावर तो खुलला. म्हणाला, "साहेबांनी, म्हणजे तुमच्या भावांनी, तर दोन वर्षांपूर्वीच ऑफिसात सांगितलं होतं की समुद्राची पातळी वाढतेय, हा बांध आता जुन्या हिशोबाने फोडून चालणार नाही. पुढे तर समुद्र बांधच गिळेल आणि तळं उरणार नाही."

मी विचारलं, "मग आम्हाला कोणी का नाही सांगितलं?"

तो गडबडला. "आम्हाला वाटलं, घरातल्या घरात तुम्हाला कळलंच असेल."

ऑफिसला वाटलं तू सांगशील, आणि तुला वाटलं ऑफिस सांगेल. वा रे वा! दोन वर्षांत तू किती वेळा आलास? जेवलास, बांधावर फिरलास, तळ्याचे फोटो काढलेस. त्या काळ्या दगडावर बाबांच्या शेजारी बसून पाय पाण्यात सोडलेस. तेव्हा तुझ्या जिभेला काय झालं होतं? त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलास, असं आता म्हणू नकोस. माझं डोकं फिरेल. तो दगड फक्त तळं किती भरलं ते सांगतो. समुद्र किती वर आलाय ते तू सांगायचं होतंस. त्याचा तर तुला पगार मिळतो!

आता बाबांचं ऐक. त्यांना वाटतं, त्यांचीच बुद्धी गेली. दिवस चुकला, ओहोटी चुकली, आपलं डोकं चालेनासं झालं. होडीची किल्ली त्यांनी आईकडे देऊन टाकली. स्वतः कडी लावतात आणि मग आईला विचारतात, "मी कडी लावली का गं?" परवा शेजारचा जाळी दुरुस्त करणारा विचारायला आला, वारा कसा राहील. बाबा म्हणाले, "मला नको विचारू, बाबा. मी आता चुकतो." आयुष्यभर जो माणूस आकाशाकडे बघून गावाला वारा-पाऊस सांगत आला, तो आता खिडकीकडे पाठ करून बसतो.

मी सांगून पाहिलं की तुमचं काही चुकलं नाही, समुद्रच वर आलाय. म्हणाले, "माझी समजूत काढू नकोस." आईचंही ऐकत नाहीत. समुद्राच्या बाबतीत ते फक्त तुझं ऐकतील, कारण त्यांचा मुलगा समुद्र मोजतो आणि हे ते भेटेल त्याला सांगत आले आहेत.

तुला ठाऊक होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही. ते तू तुझ्या तोंडाने सांगायचंस, त्यांच्या समोर बसून. त्यांना राग येईल, येऊ दे. तुझी मान खाली जाईल, जाऊ दे. त्यांची तरी वर होईल.

हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे. तुला यातलं काहीही कळवायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. म्हणाले, "त्याच्या बापाने गाव बुडवला हे त्याच्या ऑफिसात कळलं, तर पोराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

फोन करू नकोस. ये.

तुझी,
ताई