रामनाथच्या गोळ्या

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
शेजारच्या रामनाथला ब्लडप्रेशर निघालं. १७०/११०. आज अख्ख्या चाळीत दुसरा विषय नाही. त्याला लॉटरी लागल्यासारखे सगळे भेटून आले. आमची बायको नलिनी बोरिवलीच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे स्वारी थेट आमच्याच घरात. बिचारा एकटा आहे, बायको वारली. मला सहानुभूती आहे. फक्त माझ्या खुर्चीत बसू नये.

५ फेब्रुवारी
नलिनीने त्याच्या खोलीत जाऊन त्याला गोळ्या समजावल्या. पाऊण तास! लग्नाला अठरा वर्षं झाली, मला तिने एवढा वेळ काहीच समजावलेलं नाही. पातळ भिंत, ऐकू येत होतं म्हणून ऐकलं. लहान गोळी अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते, म्हणून दाब उतरतो. पण पोटॅशियमही जातं, मग पायात गोळे येतात. दुसरी, एटेनोलॉल, हृदयाला दमाने घ्यायला लावते. नाडी मंदावते, थकवा येतो, हातपाय गार पडतात. मनाने एकदम बंद करायची नाही, धोका असतो. बसल्या जागेवरून झटकन उठायचं नाही, भोवळ येते.
तो विसरतो म्हणून गोळ्या आता आमच्याच फडताळात. रोज सकाळी ती देणार.

९ फेब्रुवारी, रविवार
"हात गार पडतायत वहिनी," म्हणाला. तिने धरून बघितला. वैद्यकीय कारण. मान्य.
जेवायला दोन्ही घरांना मिळून आळणी कालवण. मी म्हटलं, माझं काय चुकलं? म्हणाली, "तुम्हांला काय धाड भरलीय? दगडासारखे आहात."
दगड!
मला हेवा बिलकुल वाटत नाही. पण चाळिशीनंतर माणसाने तपासून घ्यावं.

११ फेब्रुवारी
दवाखान्यात गेलो. १२०/८०. डॉक्टरीणबाईंना पुन्हा बघायला लावलं. ११८/७८. उतरलंच! मशीन बिघडलं असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ८. नलिनी बाजारात. फडताळातल्या दोन्ही गोळ्या एकेक घेतल्या. शास्त्रीय प्रयोग. नाडी मंदावली की तिला दाखवायची, मग बघू दगड कोण.
सकाळी १०. लघवीसाठी संडासाकडे चौथी फेरी. रांगेत शेवंतीवहिनींनी "जुलाब का हो?" म्हणून मोठ्याने विचारलं.
सकाळी ११. नाडी ५२. झकास! नलिनी जिन्यात. उठतो.

त्याच दिवशी, दुपारी ४
उठलो नाही. म्हणजे उठलो, आणि ट्रंकेवर आपटलो. रामनाथने खांद्यावर टाकून रिक्षापर्यंत नेलं. दवाखान्यात ९०/६० भरलं. चला, काहीतरी निघालं. डॉक्टरीणबाईंनी काय घेतलंत विचारलं. मी चहा म्हटलं. नलिनीने तोवर पाकिटातल्या गोळ्या मोजल्या होत्या.
ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, त्याला त्या जगायला लागतात. तुम्हांला कशाला हव्या होत्या?"
उत्तर होतं माझ्याकडे. भर दवाखान्यात कसं द्यायचं?
मग तिने रामनाथचं प्रेशर घेतलं. मला उचलून त्याचं १८० झालं होतं.

२० फेब्रुवारी
रामनाथ खाडीपलीकडे मनोरीला बहिणीकडे राहायला गेला. म्हणाला, "गुणाजी, माझ्यापायी तुमच्यात भांडण नको रे." कसलं भांडण? असो, जिंकलो. खुर्ची मोकळी. नलिनी चार दिवस कामापुरतंच बोलतेय, तेही कमीच.

२३ फेब्रुवारी, रविवार
रामनाथ गोळ्यांचं एक पाकीट विसरला होता. बंद पडल्या तर धोका, म्हणून मीच निघालो. नलिनीने सांगितलं नव्हतं. मार्वेहून होडी. त्याची बहीण सरूबाई सुकट वाळत घालत होती. तो खाटेवर, सुकलेला. म्हणाला, या गोळ्यांनी जीव वाचतो, पण दिवसभर अंगात त्राण नसतं. बसून बसून भीती वाटते. म्हणून तुमच्याकडे यायचो.
मग म्हणाला, "वहिनी तुझंच बोलायच्या रे. मिलची नोकरी सुटल्यापासून हा माणूस आतल्या आत कुढतो, मला काही सांगत नाही म्हणायच्या. गोळी द्यायला पाच मिनिटं, बाकी तुझंच."
होडीत ठरवलं, आज तिला सगळं सांगून टाकायचं. मनात चार वाक्यं जुळवलीसुद्धा.
घरी आलो. नलिनी तांदूळ निवडत होती. समोर बसलो. दोन तास बसलो.
काय झालं म्हणून तिने विचारलंच नाही.