दुखत नाही ती गाठ

नेपियर टाउन, जबलपूर
१५ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप क्षमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तुला ओरडून सांगावं लागतं, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. तुझं व्हॉट्सअ‍ॅप तर तुझ्याआधी भाऊजीच वाचतात.

ताई, डाव्या छातीत गाठ लागली आहे. बोराएवढी. दोन्ही बाजू इतक्या ठणकताहेत की पदर लागला तरी जीव जातो. सारखी मावशी आठवते, तिचं ते शेवटचं वर्ष. सासूबाई विचारून राहिल्या की काहून गं सुकली तू, तर मी उपासाचं कारण सांगते. श्रीरंगना मी काही बोलले नाही. बोलले तर ते खरं होईल, अशी भीती वाटते.

डॉक्टर इतक्यात नको. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि घरची थोरली सून मी. पाळी आड येऊ नये म्हणून राखीपासूनच मेडिकलमधून गोळ्या आणून घेतेय, दरवर्षीसारख्या. हरतालिका, गणपती, महालक्ष्म्या, सगळं एकदमच निभावेल. विसर्जन झालं की बघू.

कुणाला सांगू नकोस. लोभ आहेच, सोबत थोडा धीरही पाठव.
तुझी विनता

नागपूर
१८ ऑगस्ट २०२५

चि. विनतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अकलेचे दिवे आधी ओवाळून घे, मग महालक्ष्म्यांना ओवाळ. मेडिकलवाला तुझा डॉक्टर कधीपासून झाला? एवढं दुखतंय आणि तू विसर्जनाची वाट बघतेस!

दुखतंय म्हणूनच मला धास्ती आहे. नाही तर गाठी कुणाला होत नाहीत? माझ्याही काखेजवळ गेल्या दिवाळीपासून एक आहे, कडक, गोटीसारखी. दुखत नाही की खुपत नाही, म्हणून मी तिच्याकडे बघतही नाही. पाळी जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईला आता काय व्हायचंय! हे यांच्या कानावर गेलं तर तुझं तोंड बघणार नाही.

तू मात्र श्रीरंगना आजच सांग आणि डॉक्टरकडे जा. माझी झोप उडाली आहे. लोभ वाढवायचा असेल तर आधी तपासून घे.
तुझी ताई

जबलपूर
२८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी श्रीरंगना सांगितलं. ते स्कूटरची किल्ली शोधत राहिले, आणि किल्ली त्यांच्या हातातच होती. इथल्याच डॉक्टर प्रणोतीबाईंनी सोनोग्राफी केली, सुई घालून तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. मी ऋचाला महालक्ष्म्यांचे मुखवटे कुठे ठेवलेत, साड्या कशा नेसवायच्या, सगळं दाखवून ठेवलं. पोरगी म्हणाली की आई, तू तर आहेस ना. मी पुढची साडी उलगडली.

ताई, गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाल्या, हार्मोन्स दर महिन्याला छातीला फुगवतात आणि पाळी आली की उतरवतात. पंचेचाळिशीच्या आसपास त्यांचा तोल ढळतो, मग अशा गाठी होतात, ठणका लागतो. गोळ्यांनी गाठ झाली असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्याही हार्मोन्सच, ठणका वाढवू शकतात, आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. मी सोडल्या. ऐन हरतालिकेला बाजूला बसले, आभाळ काही कोसळलं नाही. ठणकाही उतरला. गंमत म्हणजे महालक्ष्म्यांना आता मी मोकळीच!

पण मला हसू येत नाही. निघताना तुझ्या गोटीचं सहज सांगितलं, तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तुझं वय विचारलं. पाळी गेल्यावर हे हार्मोन्स निवतात, त्या वयात नवी कडक गाठ आली तर ती दुखत नाही हा दिलासा नव्हे, म्हणाल्या. काही नसेलही, पण एक दिवसही न थांबता दाखवायला सांगा. तुझा हिशोब उलटा आहे गं ताई.

काल फोन करून हेच सांगितलं, तर काही ऐकू येत नाही म्हणून तू ठेवून दिलास. परत केला तर उचललाच नाहीस. म्हणून श्रीरंगांच्या फॅक्टरीतले भाऊराव आज नागपूरला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. माझ्यासाठी घाबरले नव्हते एवढी घाबरले आहे. परवा मी येते. महालक्ष्म्या सासूबाई आणि ऋचा बसवतील. तोवर भाऊजींना तू सांग, नाही तर मी येऊन सांगेन. मग खुशाल तोंड बघू नकोस.

लोभ असा अर्ध्यावर सोडू नये.
तुझी विनता

नागपूर
२९ ऑगस्ट २०२५

चि. विनू,
आशीर्वाद.

भाऊरावांना चहा देऊन बसवलं आहे, त्यांच्याच हाती हे परत पाठवते. यांना आत्ता सांगितलं. ते देवघरात जाऊन बसलेत.

थोरली सून महालक्ष्म्या सोडून निघाली, हे मी एरवी खपवून घेतलं नसतं. ये.

आणि परवा फोनवर मला सगळं ऐकू आलं होतं.
तुझी ताई